कोरडं इंजिन

हसणार नसाल तर सांगतो. पनवेलच्या माझ्या बाइक गॅरेजात ओळखीच्या कोळीकाकांनी होडीमागे लटकवायचं इंजिन आणून टाकलं. मी म्हटलं, "काका, इंजिन ते इंजिन!" प्लग बदलला, स्टँडला बांधून दहा मिनिटं फुल रेस केलं आणि ऐटीत व्हिडिओ पाठवला.

लगेच काकांचा फोन. "खालून पिंपात बुडवलंस ना?"

"छे, एकदम कोरडं ठेवलंय. गंजायला नको!"

काका हळूच म्हणाले, "बाला, ते पानी खेचून थंड व्हतं. पानी नाय तर जलतं."

जळलंच होतं. ऐन हंगामात होडी आठवडाभर किनाऱ्यावर. एक शिवी दिली नाही हो! पुढच्या खेपेला इंजिनासोबत पिंप घेऊन आले, स्वतः भरलं आणि माझ्याच गॅरेजात मला म्हणाले, "तू निस्ता बस."