परत मोज, घाई काय हाय

जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. मी उरणचा दिनेश. आतापर्यंत शिकलेली माणसं बोलली, आता मी. कागदावर लिहून आणलंय, तेच वाचतो. मी मस्कतच्या बंदरात क्रेन चालवतो. वाचनालयाच्या आपल्या शैलाताई गेल्याचं तिथं कळलं. शेवटचं दर्शन चुकलं. म्हणून आज या शोकसभेत बोलतो.

तुम्ही म्हणाल, सातवीत शाळा सोडलेला हा ताईंचा कोण? मी त्यांचा टेम्पोवाला.

इथं नवीन पनवेलला, आपल्या मुलांच्या वाचनालयात, ताईंनी दोन दिवसांचं शिबिर भरवलं होतं. कॉम्प्युटर शिकलेल्या पोरापोरींनी शनिवार-रविवार बसून लहान मुलांसाठी गणिताचा खेळ बनवायचा. रविवारी संध्याकाळी मुलं तो खेळणार. टेबलं, कॉम्प्युटर मी आणले. शनिवारी सकाळी उतरवले. संध्याकाळी परत डोकावलो, तोवर खेळ अर्धा तयार होता. बघून निघालो, तर ताई म्हणाल्या,

"दिनेश, पळतोस कुठे? बस. आधी तू खेळ."

खेळ सोपा. टोपलीतले मासे मोजायचे. चुकलं की लाल फुली नि भोंगा. मी, कोळ्याचा मुलगा, मासे मोजताना तीनदा चुकलो! तीन भोंगे. सगळे हसले. मी उठलो.

"काय रे, आवडला नाही?"

म्हटलं, "ताई, शाळेत पण असंच व्हायचं. म्हणून तर सुटलो."

मग कुणी हसलं नाही. ताईंनी विचारलं, "बाजारात गिऱ्हाईक मोजायला चुकलं, तर तुझी आई काय करते?"

"आई चुकला म्हणतच नाय. माशांचा वाटा पसरते, बोंबील जोडीजोडीनं लावते, नि म्हणते, आरं, परत मोज. घाई काय हाय?"

ताई त्या पोरांकडे वळल्या. "भोंगा काढा."

एक चष्मेवाला म्हणाला, "ताई, उद्या दाखवायचंय. अर्धं काम परत करावं लागेल."

"करा. मूल उठून गेलं, तर दाखवणार कुणाला?"

रविवारी सकाळी आईला टेम्पोतून आणली. माइक बघून म्हणते, "या बोंडाशी बोलू? याला कान तरी हायेत का?" पण बोलली. संध्याकाळी मुलं चुकली, की मासे जोडीजोडीनं लागायचे नि आईचा आवाज यायचा. मुलं परत मोजायची. एक मूल उठलं नाही. एकसुद्धा नाही! माझ्या आईला सही येत नाही. तिचा आवाज गणित शिकवत होता. सांगा, याहून मोठा मान कुठला? हा मान ताईंनी दिला.

त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात सतरा नंबरचा फॉर्म ठेवला. बाहेरून दहावी. पुढं मी पाच नोकऱ्या बदलल्या, समुद्र ओलांडला. ताईंनी पिच्छा सोडला नाही. "फॉर्म भरलास?" शेवटी भरला. सगळे विषय सुटले, गणित दोनदा गेलं. शेवटच्या फोनवर कसंबसं सांगितलं, "ताई, परत नापास."

तर ताई अगदी माझ्या आईसारखा हेल काढून म्हणाल्या, "आरं, परत मोज. घाई काय हाय?"

ताई, घाई नाही म्हणालात, मग तुम्हीच का हो घाई केलीत?

काल गणिताचा फॉर्म परत भरला, नि आज तुमच्यापुढं उभा राहिलो.

आता आपण सगळे उभे राहू. ताईंनी आपल्याला काय काय दिलं, ते मनात मोजू. वेळ संपल्याची घंटा नको. ज्याचं मोजून होईल, त्यानं बसावं. चुकलं तर परत मोजावं.