अर्जुनाचं छप्पर

नाय नाय, देव मोठाच, मी कधी नाय बोललो? पण तुम्हाला सांगतो, एवढं मोठं रान चारी बाजूंनी पेटवायचं म्हणजे काय? एक बाजू तरी उघडी ठेवायची! जव्हारहून ते पुराणिकबुवा आले, वडाखाली बसले, पोथी उघडली आणि गोड गळ्यानं सांगायला लागले, की अग्नीला भूक लागली, त्याला अख्खं खांडववन खायचं होतं, मग एका बाजूला कृष्ण उभा राहिला, दुसऱ्या बाजूला अर्जुन, आणि जे जनावर बाहेर पळेल त्याला बाण! हरीण आलं, बाण! पाखरू उडालं, बाण! आणि आमची सगळी वस्ती हात जोडून "वा वा!" अरे वा वा काय? तिकडं पाखरांची पिल्लं भाजतायत ना!

आता आम्ही काय आग बघितली नाय? आम्ही राब भाजणारे लोक. पावसाआधी भाताच्या रोपासाठी शेतात पाला, फांद्या, शेण पसरायचं, वाळू द्यायचं आणि भाजायचं, तो राब. महिनाभर पडलेला असतो, तर त्यात ससे शिरतात, मुंगसं शिरतात, लाव्याची अंडी असतात... म्हणून माझा बा काय करायचा, आधी काठी आपटायचा, हाळी द्यायचा, "निघा गं बायांनो, पोरंबाळं घेऊन निघा!" आणि मग एकाच बाजूनं विस्तव लावायचा. अडाणी माणूस, पण त्याला कळत होतं! मी उठलो आणि विचारलं, "बुवा, एक बाजू उघडी ठेवली असती तर अग्नी काय उपाशी मेला असता?" बुवांनी चष्म्यावरून असं बघितलं... "नाव काय रे तुझं?" बोललो, ढवळू. "ढवळू, देवाच्या करणीत नाक खुपसू नये." चुकलंच माझं. नाव सांगायला नको होतं.

कारण बोहाडा, आमचा देवांची सोंगं नाचवायचा उत्सव, जवळ आला होता. बोहाड्यात आमच्याकडं घराघराला सोंगाचा मान असतो, कोणाकडं भीमाचा मुखवटा, कोणाकडं नारदाचा, बापाकडून पोराकडं येतो. आणि मुखवटा एकदा चढला की तो माणूस नाय, देव! त्याला नावानं हाक मारायची नाय, हात लावायचा नाय. आमच्या घराला मुखवटा नाय, आम्ही नुसते मशाली धरणारे. तर बुवा बोलले, यंदा खांडववन करा! आणि वस्तीनं काय डोकं चालवलं बघा, तसाही राब भाजायचाच आहे, तर सोंग राबातच करू, भरदुपारी, राब पण भाजून होईल आणि पुण्य पण लागेल! अर्जुनाचा मुखवटा फागूकडं, म्हणजे माझ्या बहिणीचा, रामीचा नवरा. कृष्ण सुकऱ्या. आणि जनावरं कोण? बुवांनी गर्दीवरून नजर फिरवली, "तो प्रश्न विचारणारा कुठं आहे?"

मला गवत बांधलं हो! सुकलेलं! आगीत उभा करायचा माणूस आणि अंगाला गवत! मी बोललो, "फागूदाजी, एक बाजू तरी उघडी ठेवाल ना?" तो हसला, "अरे, खोटं खोटं तर आहे." मग त्यानं मुखवटा चढवला. त्यानंतर तो काय हसला नाय.

राब पेटला. चारी बाजूंनी. सांबळ कडकडायला लागला, मी आपला माकडासारखा उड्या मारतोय, हरणासारखा पळतोय, लोक हसतायत... आणि वारा फिरला. बघतो तर वाट नाय कुठं! पायाशी एक ससा. पळत नव्हता, नुसता बसलेला, कान पाडून. त्याच्यासाठी यंदा कोणी काठी आपटली नव्हती, मी पण नाय. मी ओरडलो, "फागूदाजी, पुरे आता, वाट द्या!" मुखवट्यानं धनुष्य ताणलेलं, आणि बाण खरा हो, रानडुकराला मारायचा! "सुकऱ्या, अरे सुकऱ्या!" कृष्ण तसाच उभा. बुवा वडाखालून सांगतायत, "असं पंधरा दिवस जळत होतं!" आणि आमची रामी, माझी सख्खी बहीण, तिकडून किंचाळते, "दादा, देवाला नावानं हाक मारू नको, पाप लागेल!" पाप लागेल! इकडं पोटरीचे केस जळतायत!

मग मला काय सुचलं कोणास ठाऊक, मी बोंबललो, "दाजी, तुमच्या घराचं छप्पर शाकारून देतो!" मुखवटा हलला. आणि आतून फागूचा रोजचा आवाज आला, "नुसतं पुढचं, का मागचं पण?"

"मागचं पण, मागचं पण!"

त्यानं पायानं एक जळती फांदी बाजूला सारली. मी सशाला उचललं, छातीशी धरलं, कसं धाडधाड उडत होतं त्याचं काळीज... "तू ये," मुखवटा बोलला. "तो ठेव." आणि बाणाचं टोक माझ्याकडं. तुम्हाला सांगतो, मी ठेवला. लाज वाटते बोलायला, पण ठेवला.

बाहेर पडलो तर बुवा खुशीत! "अरे, हा तर मयासुर! पोथीत अर्जुनानं यालाच जिवंत सोडला, का, तर त्याला महाल बांधता येत होता!" मी बोललो, "आणि ज्याला काहीच बांधता येत नाय, त्यानं काय करायचं?" बुवांनी पोथी रुमालात बांधली आणि हात धुऊन जेवायला बसले.

वस्ती खूश. राब असा भाजलाय की यंदा रोप जोरात येणार, अग्नी पावला म्हणतात! पुढल्या साली पुन्हा खांडववन, आणि जनावरं पुन्हा ढवळूच... आता तो आमच्या घराचा मान झाला म्हणे, माझ्यामागं माझ्या पोराचा! बोला, मान मिळाला म्हणून कोणाशी भांडू? एक बाजू उघडी ठेवा म्हणायची पण आता चोरी. गपचूप फागूचं छप्पर शाकारायला घेतलंय. पुढचं झालं, चांगलं घट्ट बसवलं. मागचं मात्र जरा पातळच घालतोय. त्याला सांगू नका हो... पण पुढल्या सालापर्यंत ते गळायला पाहिजे ना, नायतर मी अर्जुनाला देऊ काय?