मेलेला दिग्दर्शक

आमच्या ऑफिसातल्या वसंताने सिनेमा काढला होता, ते तुम्हाला माहीतच नाही? ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नाटकात वसंता मरायचा फार सुंदर, पण प्रत्येक दिग्दर्शक त्याला लवकर मरायला लावायचा. शेवटी वैतागून तो स्वतःच दिग्दर्शक झाला. नायकही तोच, खाडीत बुडून मरणारा कोळी.

शूटिंग नेरूळच्या सारसोळे गावात. एकच रीळ उरलं होतं आणि दोन शॉट बाकी होते: नायक होडी घेऊन निघतो तो, आणि त्याचं प्रेत सापडतं तो. ओहोटी होती, होडी चिखलात रुतलेली, म्हणून आधी प्रेत घ्यायचं ठरलं. वसंताने कॅमेरामनला बजावलं, "मी कट म्हटल्याशिवाय थांबायचं नाही."

वसंता चिखलात आडवा झाला. गावच्या हिराबाईने आक्रोश मांडला. मेलेल्याचे सगळे गुण गाऊन झाल्याशिवाय रडणं थांबवायचं नाही, ही तिकडची रीत. नायकाचे गुण संपेनात. वसंता निपचित.

"साहेब, रीळ संपलं."

प्रेत ताडकन उठून बसलं. "गाढवा, बंद का नाही केलास?"

"तुम्ही कट कुठे म्हणालात?"

"अरे, मी मेलो होतो ना!"

हिराबाई डोळे पुसत म्हणाली, "मेलेल्या मानसाला कोन मुकादम करतो रं बाबा?"

होडीचा शॉट राहिलाच. त्यामुळे वसंताच्या सिनेमात नायक पाण्याकडे न फिरकताच बुडतो. एका समीक्षकाने त्याला धाडसी प्रयोग म्हटलं. वसंतानेही नाही म्हटलं नाही.