वरचा मजला आज शांत आहे

लेकीच्या डोळ्याला आत्ताच कुठे डोळा लागला होता. सकाळपासून तापाने किरकिरून, आईच्या मांडीला घोरपडीसारखी चिकटून, शेवटी दुपारी ती झोपली. घर असं चिडीचूप झालं, की आईला स्वतःचं पाऊल उचलायचीही धास्ती वाटत होती. तेवढ्यात ओट्यावरच्या जाळीत पालथी घातलेली वाटी आपसूक घसरली आणि खण्णकन वाजली.

ती जागच्या जागी थिजली. आत लेकीने कूस बदलली, काहीतरी पुटपुटली, पुन्हा गप्प झाली. हिने सोडलेला श्वास पुरता सुटायच्या आत लॅपटॉपशेजारी ठेवलेला फोन थरथरायला लागला.

"हॅलो?… हॅलो, आत्या? हो, मीच… हळू बोलतेय गं, चिमणी आत्ता झोपलीय… उतरलाय, पण अंग कोमट आहे अजून… देतेय औषध. अर्धं तिच्या पोटात, अर्धं माझ्या कपड्यांवर… तू ड्यूटीवर ना? मग हा टेबलावरचा फोन का?… मोबाइल चार्जिंगला. बरं. बोल."

आत्या म्हणजे तिच्या बाबांची धाकटी बहीण, वृद्धाश्रमातली दिवसपाळीची मोठी नर्स. बाबांना तिथे ठेवलं ते आत्याच्याच भरवशावर. आणि तिथले कॉम्प्युटर सांभाळायचं काम हिच्याकडे आलं, तेही आत्याने शब्द टाकला म्हणून. आज सकाळीच हिने घरबसल्या, एका हाताने लेकीच्या कपाळावर पट्टी धरून, तिथल्या जुन्या सर्व्हरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवली होती.

"मॅनेजरसाहेब? त्यांना आता काय झालं?… 'जुनं चालत होतं की'? अगं, जुनं चालत नव्हतं, रांगत होतं!… संध्याकाळच्या बैठकीत फायदे कोण सांगणार? तू?… अरे देवा. बरं, ऐक ना मग. साध्या भाषेत सांगते, तू अजून साधं करून सांग.

"पहिलं म्हणजे अपडेट. आधी एवढंसं अपडेट आलं तरी अख्खा सर्व्हर बंद करून चालू करायला लागायचा. आठवतं? औषधांच्या वेळा दिसेनात म्हणून तू मला लाखोली वाहिली होतीस… वाहिली होतीस गं, भर व्हरांड्यात!… तर आता तसं नाही. चालत्या गाडीचं चाक बदलावं तसं. आत बसलेल्याला हिसकासुद्धा नाही… कधीच बंद नाही असं नाही, पण क्वचित.

"दुसरं, एक मशीन कोसळलं तर शेजारचं लगेच काम उचलतं… हो, तू रजेवर गेलीस की धाकटी सिस्टर उभी राहते ना, तसंच. फक्त नाक न मुरडता… नाही, हे बैठकीत नको सांगूस.

"मग बॅकअप. सगळ्यांच्या फायलींची प्रत आपोआप दुसरीकडे जाते. उद्या कुणी चोरट्याने बाहेरून सगळ्याला कुलूप घातलं, तरी आपली प्रत आपल्या हातात… हो, कुणाच्या गोळ्या चुकणार नाहीत. हे सांग, हे त्यांना पटेल.

"आणि सगळ्यात मोठा फायदा सुरक्षेचा. जुना सर्व्हर म्हणजे अगदी भोळा. दारावर कुणीही टकटक केली की 'या, बसा, पाणी घ्या'. नवा खमका आहे. ओळख पटल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. आणि जुन्या, उघड्या पद्धतीने बोलणारी यंत्रं असतील ना, त्यांना तर तो दाद लागू देत नाही… छे, भांडत नाही काही. नुसता गप्प बसतो. समोरच्याने किती का हाका मारेनात…"

आत्याने मध्येच काहीतरी म्हटलं. तिला हसू आलं.

"आभार कसले मानतेस?… चहा? सलग? अख्खा कप, गरमागरम?… अगं, तुला निवांत चहा मिळाला यात माझ्या सर्व्हरची काय करामत?… काय शांत आहे?"

जाळीतून घसरलेली वाटी उचलायला ती वाकली होती. वाकलेलीच राहिली.

"वरचा मजला?… म्हणजे कसा शांत?… थांब थांब, पुन्हा सांग. खालच्या बेल येतायत ना?… बँकवाल्या आजोबांची आली. चष्मा हरवणाऱ्या आजींची आली… आणि वरून?… एकही नाही? सकाळपासून?… आत्या, माझा अपग्रेड झाल्यापासून?"

प्रत्येक खोलीतली मदतीची बेल त्या सर्व्हरमार्फतच आत्याच्या टेबलावर वाजायची. खालच्या खोल्यांमध्ये गेल्या वर्षी बेलची नवी बटणं बसवली होती. वरच्या मजल्यावर अजून त्या जुन्या, पिवळट पडलेल्या, वायरीला बटण लोंबणाऱ्या पेट्याच होत्या. सकाळी काम संपल्यावर हिनेच फोन करून आत्याला सांगितलं होतं, एखादी बेल दाबून बघ. आत्याच्या गुडघ्यांना जिना नको म्हणून तिने ऑफिसशेजारच्या खोलीतली दाबली. वाजली. दोघी खूश. हिने लॅपटॉप मिटला आणि लेकीला मांडीवर घेतलं.

"आत्या, आणि बाबा?… बाबांनी किती वेळा वाजवली आज?… हसू नकोस. आत्या, हसू नकोस गं!"

बाबांना तिथे सगळे बेलबहाद्दर म्हणत. उशी सरकली, बेल. पंखा जोरात, बेल. पंखा हळू, पुन्हा बेल. कधी नुसतं, 'बाहेर ऊन आहे का?' एवढं विचारायला बेल. आणि धापा टाकत वर येणाऱ्या धाकट्या बहिणीशी थोडंसं भांडण. ते भांडण झालं की त्यांना जेवण जायचं. आज आत्याला वाटलं, दादाला सुबुद्धी झाली.

"जेवण द्यायला वर कोण गेलं होतं?… वाढपी ताई. तिला काही बोलले का ते?… काय म्हणाले?… 'सकाळपासून वाजवतोय, कुणी फिरकत नाही'. आणि ताई काय म्हणाल्या?… हो, माहितीय, रोजच म्हणतात. रोज म्हणतात म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण आज खरं होतं गं आत्या, आज खरंच कुणी आलं नव्हतं!… अगं, ते वाजवतायत. सगळे वाजवतायत. सर्व्हर ऐकत नाहीये… बेल नाही बिघडली. मी दार लावलंय त्यांच्या तोंडावर… नंतर सांगते, सगळं नंतर सांगते. जेवणानंतर बाबांच्या खोलीत कुणी डोकावलं का?… दारं लावून झोपतात, मला माहितीय. डोकावलं का कुणी?… नाही.

"आत्या, ऊठ. आत्ता वर जा… कप ठेव! फोन बंद करू नकोस, तसाच टेबलावर ठेव… गुडघे दुखतील, माहितीय, पण जा ना गं!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चपला फटक फटक करत लांब गेल्या. मग फोनमध्ये नुसती त्या टेबलाची शांतता उरली. कुठेतरी नळ वाहत होता. कुणी म्हातारं माणूस खोकलं.

तिने लॅपटॉप उघडला. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता आणि त्या रिकाम्या टेबलाशी ती बोलत होती.

"हॅलो?… आत्या, पोचलीस का?… कुणी आहे का तिथे? हॅलो… बाबा, थांबा हं. उघडतेय. एवढं एक उघडलं की झालं… हे नाही, हे पण नाही… कुठे ठेवलंय मेल्यांनी…"

सापडलं. जुन्या पद्धतीच्या यंत्रांना प्रवेश: बंद. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की अधिक सुरक्षिततेसाठी हे आपोआप बंद ठेवण्यात आलं आहे. सकाळी हीच ओळ तिने वाचली होती आणि मनात म्हटलं होतं, वा. तिने ते चालू केलं. क्षणभर काहीच झालं नाही.

मग फोनमधून बेल वाजली.

तिच्या पाठोपाठ दुसरी. मग एकात एक मिसळून, एकमेकींच्या अंगावर पडत, सगळ्याच. जुन्या पेट्यांनी सकाळपासूनची एकेक हाक पोटात धरून ठेवली होती. दार उघडताच त्या सगळ्या एकदम घरात शिरल्या. फोन कानापासून लांब धरूनही तिच्या दाढा शिवशिवल्या. पडद्यावर वरच्या मजल्याच्या खोल्यांपुढे लाल ठिपके भराभर उमटत होते. बाबांच्या खोलीपुढे सगळ्यात लांब रांग. सकाळी विरळ, सवयीची. जेवणानंतर दाट, ठिपक्याला ठिपका लागलेली, जणू कुणी बटणावरचा अंगठा उचललाच नाही.

मग एकदम कोरी जागा. पुढे काहीच नाही.

तिने फोन पुन्हा कानाला लावला.

"हॅलो! हॅलो, कोण?… ताई? वाढपी ताई ना? ताई, बंद नका करू त्या!… नाही, मशीनला वेड नाही लागलं. त्या खऱ्या आहेत, सगळ्याच्या सगळ्या खऱ्या आहेत! सकाळपासून ती माणसं बोलावतायत. एकेका खोलीत जा. कुणाला पाणी हवं असेल, कुणी बाथरूममध्ये अडकलं असेल… हो, माळ्यालाही बोलवा. मॅनेजरसाहेबांनाही पाठवा वर… मग त्यांना सांगा, बैठक गेली खड्ड्यात! माझं नाव सांगा… ताई, ऐका ना, माझ्या बाबांचं काही… हॅलो?"

ताई पळाल्या. बेल एकेक करून थांबायला लागल्या. प्रत्येक बेल थांबली की तिला कळायचं, कुणीतरी कुणाच्या तरी दारात पोचलं. पडद्यावरचे ठिपके विझत होते. बाबांची रांग तशीच होती. तिला चिमणीच्या जन्मावेळचे बाबा आठवायला नको होते, तरी आठवले. दवाखान्याच्या दारात रात्रभर उभे, आणि येणाऱ्या प्रत्येक नर्सला तोच प्रश्न, "आमची पोर कशी आहे?" तेव्हाही सगळ्या वैतागल्या होत्या.

बाबांची रांग विझली.

फोनमध्ये खट्ट झालं.

"आत्या?… आत्या, तूच ना? वरच्या फोनवरून, ह्याच लाइनवर बोलतेस का?… श्वास घे आधी… नाही, नको घेऊ, सांग. सांग ना गं… पडलेत? कुठे?… पलंग आणि भिंतीच्या मधे. कधीचे?… शुद्ध आहे? आत्या, शुद्ध आहे का?… आहे."

ती ओट्याला टेकून खाली सरकली आणि फरशीवरच बसली.

"आहे म्हणालीस ना?… हो. हो… पाय? कसा वाकडा?… हलवू नका त्यांना, तसंच… हो, तू नर्स आहेस, मी तुलाच शिकवतेय. चुकलं माझं… अँब्युलन्स?… निघालीय. गार पडलेत का? पांघरूण घाल… घातलंस. बरं… बोलतायत? काय म्हणतायत?… अगं, मग सांग की… रडू नकोस. तू रडलीस तर मी काय करू?… नाही, मला ऐकायचंय. जसं म्हणाले तसं सांग."

आत्याने सांगितलं. तिने ते ऐकलं, आणि आपण नीट ऐकलं ना याची खात्री करायला तेच शब्द पुन्हा उच्चारले.

"'मी ऊठसूट वाजवतो म्हणून तुम्ही येत नव्हता ना? मग म्हटलं, आता पुरे, नाही वाजवायची'… असं म्हणाले?… तेव्हा बटण होतं हातात?… अजून मुठीत आहे?… आणि तरी नाही वाजवलं?

"आत्या, त्यांना सांग… त्यांना सांग, की ते जास्त वाजवत नाहीत. कितीही वाजवा म्हणावं… असं नको, असं खोटं वाटेल त्यांना. त्यांना सांग, माझ्यामुळे… तुझ्या पोरीने केलं म्हणून सांग. नवीन मशीन… काय सांगू गं? फोन त्यांच्या कानाला लाव ना… वायर पुरत नाही? मग तू ओरडून सांग, मी इथून बोलते… बाबा! बाबा, आवाज पोचत नव्हता हो! सगळे खालीच होते, कुणी तुम्हाला टाळत नव्हतं… ऐकलं का त्यांनी?… मान हलवली? हो म्हणून हलवली की नाही म्हणून?… आत्या?… आली अँब्युलन्स? मग जा. जा तू, त्यांच्याबरोबरच बस. मी चिमणीला घेऊन थेट दवाखान्यात… हो… हो, ठेव… आत्या, हो म्हणून हलवली ना?… हॅलो?… हॅलो?"

लाइन तुटली होती.

उठायला हवं होतं. लेकीचे कपडे, औषध, किल्ल्या. तिने मान वर केली, तर दारात चिमणी उभी होती. झोपेने सुजलेला चेहरा, अंगावरची चादर मागे फरपटत आलेली. कधीपासून उभी होती कोण जाणे.

"आजोबा पडले?"

"हो गं राणी. आपण जाऊ या त्यांच्याकडे. ये, बूट घाल."

चिमणी आली, पण बुटांकडे गेली नाही. आईशेजारी फरशीवर बसली आणि आपल्या पायावरची अर्धी चादर तिच्या पायांवर ओढून दिली.

"त्यांनी बोलावलं होतं?"

"हो."

"खूप वेळा?"

"हो."

"आणि कुणालाच ऐकू नाही आलं?"

"नाही."

तापाने चकाकणारे डोळे आईच्या तोंडावर लावून चिमणीने विचारलं, "मग आई, बोलावणाऱ्याला कसं कळतं, कुणाला ऐकूच येत नाहीये, की ऐकू येतंय पण यायचं नाहीये?"