दोघांनी बदलायचा फिल्टर

ऑइल फिल्टरवरून कुणी भांडतं का? मी भांडलोय, उत्रोलीच्या नानांशी. नाना एकटेच राहतात, सोबतीला एक जुनी ब्रिटिश मोटार. तिचा फिल्टर म्हणजे इंजिनाला खालून लांब बोल्टने आवळलेला लोखंडी पेला, आत कागदी नळकांडं. एकाने पेला रबरी कडीवर दाबून धरायचा, दुसऱ्याने बोल्ट आवळायचा. म्हणून दर खेपेला मला वेल्ह्याहून बोलावणं.

यंदा वैतागून मी पुण्याहून पेल्याच्या जागी नव्या पद्धतीचा डबाबंद फिल्टर बसवायचा अडॅप्टरच आणला. "नाना, अगदी जुन्या गाड्यांत थोडंच तेल गाळलं जायचं, मग सगळं तेल गाळणारा हा पेला आला. आता हा डबा! हाताने फिरवला की बसला."

"एकट्याला जमंल?"

"अगदी एकट्याला!"

"मग नगं."

"अहो, किती दिवस जुनं धरून बसणार? जग पुढं गेलं!"

"जाऊ दे की. म्या कुठं अडवलंय?" नाना मोटारीखाली वाकले. "पर मग तू कशाला येशील हितं?"

"मी तसाही येईन, नाना."

"तसाबी येतो म्हणणारी माझी दोन पोरं पुण्यात हायेत. पेला धर."