वाळवीची राणी कोणाच्या घरात?

तुम्ही वाळवीला हसता, पण एकदा तिनं नागपूरजवळच्या खापा गावात माझी पार पंचाईत केली होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपूरला मी वाळवीच्या घराण्यांवर संशोधन करत होतो. वाळवी चिरडून तिचा रस जेलच्या, म्हणजे खळीसारख्या पदार्थाच्या पातळ थरावर ठेवायचा आणि वीज सोडायची, की पट्टे उमटतात. दोन ठिकाणचे पट्टे जुळले, तर ती एकाच राणीची लेकरं, असं आम्ही धरायचो.

खाप्यात दोन भावांनी घराच्या मधोमध भिंत घातली होती. म्हाताऱ्या आईच्या जेवणाचीही पाळी लावलेली, एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे. दोघांच्याही चौकटी वाळवीनं खाल्लेल्या आणि दोघंही म्हणायचे, "ही त्याच्याकडून येऊन राहिली!" मी दोन्हीकडचे नमुने नेले, पट्टे जुळवले आणि ऐटीत निकाल सांगायला गेलो.

"दोन्हीकडची वाळवी एकाच राणीची आहे."

"म्हंजे राणी तुह्या घरात!" थोरला धाकट्यावर ओरडला.

"माह्या काहून? तुह्याच घरात असंन!"

"माह्याकडे नाही!"

"मंग माह्याकडे बी नाही!"

दोघं हातघाईवर आले. मी मधे पडणार, तेवढ्यात ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली आई हसली.

"बसा साहेब, चहा घ्या. पाळी बदलायच्या दिवशी हे माह्यावरूनबी असंच भांडतेत."