सहा सिलिंडर आणि अमावास्या

साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीच्या एसटीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एक रिटायर फौजी आणि त्यांची बायको.

“आवं, शिरवळचा वीरधवल गाडी बघाया येतो म्हनत हुता. त्याला नको का म्हनला?”

“आज अमावास्या हाय. अमावास्येला कोन गाडी इकतं व्हय?”

“मागल्या येळी पितृपक्ष हुता. त्याच्या आदी अधिक महिना. आता एखादं चंद्रगिरान काढा!”

“जुनी जपानी मोटरसायकल हाय ती. सहा सिलिंडरची! अशी कुनालाबी देत न्हाईत.”

“जपानी ऱ्हायली कुठं? हँडल कापलं, टाकी बदलली, माज्या कंबरंसाठी मागं खुर्चीवानी शिट बसवली. चालू केली की म्हशी दावं तोडत्यात.”

“आवाज हाय तो!”

“आवाजाचं राहू द्या. परवा अंगावर पडली, तवा चार मानसांनी उचलली. गुडघं गेलं तुमचं.”

“पन अमावास्येला...”

“घेतली तवा काय हुतं? अमावास्याच की! तुमची आई ‘आज घरात आनू नगा’ म्हनून दारात आडवी झाली हुती.”

फौजींचा फोन वाजला.

“त्याचाच हाय. आना हिकडं, मीच बोलते... हां दादा, मी मालकीन बोलते. व्हय, इकायचीच हाय. आजच या, सांजंला घरी पोचतोच आमी... काय म्हनला? मागची शिट काढून टाकनार?... एकट्यापुरती करनार व्हय?”

फौजी एसटीच्या पाटीकडं बघत राहिले.

“न्हाई दादा, आज नका येऊ. आज अमावास्या हाय.”